घाट उतरणारी 'अप', घाट चढणारी 'डाऊन'

लोणावळ्याहून मुंबईकडे निघालेली गाडी घाट उतरते. रेल्वेच्या भाषेत मात्र ती 'अप' असते. कर्जतला मागे बँकर इंजिने जोडून जी गाडी खंडाळ्याचा चढ चढते, ती 'डाऊन'. बोरघाटात या दोन शब्दांनी जमिनीशी उघड वैर धरलेले दिसते. ते का, हे त्यांच्या इतिहासातून उलगडते.

इंग्रजीत 'अप' आणि 'डाऊन' ही क्रियाविशेषणे म्हणूनही येतात आणि शब्दयोगी अव्ययांसारखीही. टेकडी चढणे, जिना उतरणे हे त्यांचे सरळ अर्थ. पण इंग्लंडात आगगाडी येण्याआधीपासून माणूस कोठूनही निघाला तरी लंडनला 'अप'च जाई. तेथे उंची जमिनीची नव्हती, मानाची होती. रेल्वेने हाच अर्थ उचलला आणि शब्दांना विशेषणे करून गाड्यांना जोडले. १८५३ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी बोरीबंदरहून ठाण्याला धावली. पुढे या मार्गावर लंडनची जागा मुंबईने घेतली. मुंबईकडे जाणारी ती 'अप', मुंबईपासून दूर जाणारी ती 'डाऊन'.

खंडाळा ते पुणे मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. घाटाचे काम मात्र २१ एप्रिल १८६३ पर्यंत चालले. तोवर प्रवासी मधला टप्पा पालखीतून किंवा तट्टावरून पार करीत. सुमारे २५ किलोमीटरच्या वाटेत ५५८ मीटर चढ, ३७ फुटांना एक फूट असा तीव्र उतार आणि २५ बोगदे. ऐन भरात ४०,०००हून अधिक मजूर कामावर होते. पटकीने आणि अपघातांनी त्यांतले कित्येक दगावले. डोंगर फोडणाऱ्या त्या माणसांना वर कोणते आणि खाली कोणते, हे कोणी शिकवायला नको होते.

मराठीने आपले वर-खाली सोडले नाही. आपण 'देशावर' म्हणतो, 'घाटावर' म्हणतो, पण 'कोकणात' उतरतो. येथे 'वर' हे शब्दयोगी अव्यय नामाच्या सामान्यरूपाला चिकटते आणि भूगोल सांगते. 'अप' व 'डाऊन' मात्र मराठीत वेगळ्या वाटेने आले. आपण त्यांना नामे केले आणि प्रत्यय लावले: 'अपची गाडी गेली', 'डाऊनला उशीर आहे'. पुढे दोन्ही जोडून 'अप-डाऊन करणे' हे क्रियापद घडवले. कामशेत, वडगाव, तळेगावहून रोज पुण्याला जाणारे विद्यार्थी आणि नोकरदार 'अप-डाऊन' करतात. खरे तर ते सकाळी 'डाऊन'ने जातात आणि संध्याकाळी 'अप'ने परततात. पण जोडशब्दात दिशा उरलेली नाही, उरली आहे ती रोजची ये-जा. शिवाय पुण्याहून लोणावळ्याकडे जमीन खरोखरच चढत जाते. त्यामुळे मावळात 'अप' आणि 'वर' यांचे जुळते. खंडाळा ओलांडला की दोघांची ताटातूट होते.

घाटात या फरकाला किंमत आहे. उतरणीवरच्या 'अप' गाडीला ब्रेकची परीक्षा देण्यासाठी मंकी हिल, ठाकूरवाडीसारख्या ठिकाणी थांबावे लागते. चढणाऱ्या 'डाऊन'ला मागून जोर लागतो. वेळापत्रकातले नाव मुंबईने ठरवले, पण गाडी चालवणाऱ्याला शेवटी डोंगराचेच ऐकावे लागते. 'अप-डाऊन' सत्तेचे अंतर मोजतात, 'वर-खाली' जमिनीचे; मावळच्या माणसाच्या बोलण्यात आज दोन्ही नांदतात.