वास्तव प्रतिमा, आभासी प्रयोग

पदार्थविज्ञानाच्या मराठी पाठ्यपुस्तकांत प्रतिमांचे दोन प्रकार सांगितलेले असतात. वास्तव प्रतिमा पडद्यावर घेता येते; आभासी प्रतिमा डोळ्यांना दिसते, पण पडद्यावर घेता येत नाही. शाळेत पाठ झालेली ही व्याख्या गेल्या पंधरा वर्षांत चमत्कारिक रीतीने उलटली आहे, कारण ज्यांना आपण 'आभासी प्रयोग' म्हणू लागलो ते फक्त पडद्यावरच असतात. 'प्रयोग' हा शब्दही आपल्या भाषेत साधा नाही. प्रयोगशाळेत होतो तो प्रयोग आणि रंगमंचावर होतो तोही प्रयोगच. दोन्हींकडे संहिता आधीच ठरलेली असते, आणि तरीही आज काय बिघडेल याची खात्री कोणी देत नाही. आभासी प्रयोगाचा इतिहास लिहायचा तर या बिघडण्यापासून सुरुवात करावी असे आम्हांला वाटते. त्यासाठी अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्हा हे ठिकाण सोयीचे आहे.

याच नगरच्या किल्ल्यात १९४४ साली स्थानबद्धतेत असताना जवाहरलाल नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले आणि त्यात वैज्ञानिक वृत्तीचा आग्रह धरला. तीनच वर्षांनी, १९४७ मध्ये, डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर महाविद्यालय स्थापन केले. १९६१ साली संगमनेरला महाविद्यालय निघाले. पुढे श्रीरामपूर, कोपरगाव, लोणी अशी साखर कारखान्यांच्या भोवतालची गावे महाविद्यालयांची गावे झाली. हा क्रम निव्वळ योगायोगाचा नव्हे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला तो १९५० च्या सुमारास, आणि उसाच्या पैशातून जी पिढी शिकू लागली तिच्यासाठी विज्ञान शाखेची पदवी ही कारखान्यातल्या केमिस्टच्या नोकरीची वाट होती. (साहित्याच्या वाचकांसाठी एवढे नोंदवून ठेवू, की 'ताम्रपट'कार रंगनाथ पठारे यांनी संगमनेरच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञानच शिकवले.)

बी.एस्सी.च्या प्रयोगांत पोलरीमीटरचा एक प्रयोग असतो. अंधाऱ्या खोलीत सोडियमचा दिवा, पुढे काचेच्या नळीत साखरेचे द्रावण आणि डोळ्यांसमोर दोन अर्ध्यांत विभागलेले वर्तुळ. साखरेतून जाताना ध्रुवित प्रकाशाचे प्रतल काही अंशांनी फिरते. चकती फिरवीत दोन्ही अर्धी सारखी मंद दिसतील तो कोन शोधायचा. त्यावरून साखरेचे विशिष्ट घूर्णन काढायचे, ते साडेसहासष्ट अंशांच्या आसपास यावे. सांगायला सोपे. प्रत्यक्षात नळीत हवेचा बुडबुडा राहतो, द्रावण नीट गाळलेले नसते, आणि 'सारखे मंद' म्हणजे नेमके किती, यावर दोन डोळ्यांचेही एकमत होत नाही. हेच उपकरण कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाचा 'पोल' मोजते. त्या मोजणीचा संबंध साखरेच्या उताऱ्याशी आहे, आणि २००९ पासून एफआरपीच्या रूपाने उसाचा किमान दर उताऱ्याशी बांधलेला आहे. डोळ्याची ही तालीम म्हणजे केवळ वीस गुणांची बाब नव्हे; तिच्या दुसऱ्या टोकाला कोणाचा तरी ऊस असतो.

उतारा या शब्दाचा दुसरा अर्थ येथे टाळता येत नाही. आपल्या महाविद्यालयांत प्रयोगवहीचा, म्हणजे जर्नलचा, उतारा करण्याची परंपरा जुनी आहे. साध्या लोलकाच्या प्रयोगात उत्तर ९८० यायला हवे हे आधीच ठाऊक. मग त्यावरून मागे येत दोलनकाळाच्या नोंदी 'तयार' करायच्या. आम्ही स्वतः हे केले आहे, आणि जर्नल तपासून सही करणाऱ्यांनाही ते ठाऊक असे. चाळीसांच्या बॅचला दोन पोलरीमीटर असतील तर दुसरे काय होणार? वाङ्मयप्रकार म्हणून पाहिले तर जर्नल ही आपली सर्वांत शिस्तबद्ध कल्पित कथा होती : उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षणे, निष्कर्ष, आणि नायक कधीच न चुकणारा.

म्हणून आभासी प्रयोगशाळा आली तेव्हा ती खरेपणाच्या जागी खोटेपणा घेऊन आली, ही तक्रार आम्हांला अर्धवट वाटते. केंद्र सरकारच्या २००९ च्या राष्ट्रीय अभियानातून 'व्हर्च्युअल लॅब्ज' प्रकल्प उभा राहिला. दिल्ली आयआयटीकडे त्याचे नेतृत्व होते. मुंबई आयआयटी आणि पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालयही त्यात होते. हेतू स्वच्छ होता : जेथे उपकरण नाही तेथे निदान त्याचे गणिती प्रतिरूप पोचावे. काही ठिकाणी तर दूरच्या प्रयोगशाळेतले खरे उपकरण इंटरनेटवरून चालवण्याचीही सोय झाली. प्राणिशास्त्रात विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याची विद्यापीठ अनुदान आयोगाची मार्गदर्शक तत्त्वे २०११ साली आली. तेथे पडद्याने बेडकाचा जीव वाचवला, त्याबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही.

मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि जे पूरक होते तेच एकमेव झाले. मधला थोडा काळ सोडला तर ही स्थिती ऑक्टोबर २०२१ पर्यंत राहिली. अकोल्याच्या डोंगराळ भागातल्या विद्यार्थ्याला आधी रेंज शोधायची होती, मग घूर्णनाचा कोन; आणि घरात एकच मोबाईल असला तर त्याच्यावर धाकट्या भावंडाच्या शाळेचाही हक्क होता. त्यातच ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश हे सॉफ्टवेअर कायमचे बंद झाले. त्यावर बेतलेले जुने आभासी प्रयोग नव्याने लिहिल्याशिवाय उघडेनात. आभासी प्रयोगही असा बिघडतो. फक्त तो बिघाड विद्यार्थ्याच्या हातून होत नाही आणि त्याला दुरुस्त करता येत नाही.

पडद्यावरचा प्रयोग ज्याला नीट जमला त्याला सूत्र पक्के कळले होते, हे मान्य करायला हवे. दहा वेळा करून पाहण्याची मुभा चाळीसांच्या बॅचमध्ये कोणाला कधी मिळाली होती? पण बहुतेक प्रतिरूपांत दोन्ही अर्धी खरोखरच सारखी होतात. एकच कोन, कितीही वेळा. तेथे उत्तरावरून मागे यायची गरजच नसते. ते काम प्रोग्रॅमने आधीच करून ठेवलेले असते.

महाविद्यालये पुन्हा उघडली तेव्हा अंधाऱ्या खोल्यांतले सोडियमचे दिवे पुन्हा लागले. हा दिवा लावल्याबरोबर पिवळा होत नाही. त्यातल्या निऑनमुळे तो आधी गुलाबी दिसतो, आणि पिवळा प्रकाश स्थिरावेपर्यंत काही मिनिटे नुसते बसून राहावे लागते. पडद्यावर तो पहिल्या क्षणापासून पिवळा दिसत आलेला. त्या वर्षीच्या बॅचमधल्या कोणाला दिवा बिघडला आहे असे वाटून त्याने बटण बंद केले असेल, तर नवल नाही.