टर्बो आणि टर्बोविरहित इंजिन (स्पोर्ट्स कार)

इंजिनाची ताकद सिलिंडरमध्ये किती हवा जाते यावर ठरते. हवा जास्त, तर इंधनही जास्त जाळता येते. टर्बोविरहित इंजिनात पिस्टन खाली सरकताना हवा आपोआप ओढली जाते. टर्बोचार्जर मात्र बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो आणि हवा दाबून आत भरतो.

दोन्हींतला फरक फेरारीच्या लागोपाठच्या दोन गाड्यांत स्वच्छ दिसतो. २००९ मध्ये आलेल्या ४५८ इटालियाचे ४.५ लिटरचे टर्बोविरहित व्ही-८ इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्यांवर ५७० अश्वशक्ती देई. २०१५ च्या ४८८ जीटीबीत इंजिन ३.९ लिटरपर्यंत लहान झाले, तरी दोन टर्बोंमुळे शक्ती ६७० वर गेली. त्याहून मोठी झेप टॉर्कची, म्हणजे फिरवण्याच्या जोराची : आधी ६,००० फेऱ्यांवर ५४० न्यूटन-मीटर, आता ३,००० फेऱ्यांवरच ७६०.

या वाढीची किंमत मोजली ती आवाजाने. टर्बोचार्जरचा टर्बाइन धुराच्या वाटेतच बसतो, त्यामुळे ४५८ चा टिपेला जाणारा, अंगावर काटा आणणारा सूर ४८८ मध्ये उरला नाही.

पेडल दाबताच मिळणारा तत्पर प्रतिसाद हे टर्बोविरहित इंजिनाचे खरे वैभव. पोर्शने ९११ जीटी३ मध्ये ते ९,००० फेऱ्यांपर्यंत जपले आहे. त्याच घराण्यातली ९११ टर्बो १९७० च्या दशकापासून दुसऱ्या वाटेने धावते.