पायाखालचा काळा पाषाण

पनवेलहून दिसणारा कर्नाळ्याचा सुळका आणि माथेरान-प्रबळगडाचे कडे आपण रोज पाहतो. हा सारा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हारस होय. माथेरानला त्याचे थर जवळजवळ आडवे आहेत; पनवेलच्या बाजूला ते समुद्राकडे कलतात. या बाकास भूशास्त्रज्ञ 'पनवेल फ्लेक्सर' म्हणतात. आपल्या गावाचे नाव असे भूशास्त्राच्या ग्रंथांत गेले आहे!

दगड वाचण्याची विद्या आपणांस परकी नाही. अल-बिरुनीने इ. स. १०३० च्या सुमारास 'किताब-उल-हिंद' लिहिला. डोंगराजवळ मोठे गोटे व समुद्राकडे बारीक वाळू असते, एवढ्या निरीक्षणावरून त्याने ताडले की, हिंदुस्थानचे मैदान हा पूर्वी समुद्र होता आणि तो नद्यांच्या गाळाने भरला.

१८९६ साली स्वीडनच्या अऱ्हेनियसने दुसरा हिशेब मांडला : हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला की पृथ्वी तापते. आज आपण ते अनुभवीत आहोत. मग हा वायू जमिनीत कायमचा पुरता येईल काय? आइसलँडमध्ये 'कार्बफिक्स' प्रकल्पाने २०१२ साली तो पाण्यात विरघळवून आपल्यासारख्याच काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये सोडला. खडकातील कॅल्शियमशी संयोग होऊन दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून अधिक वायूचा दगड झाला, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

दख्खनचा हा पाषाण सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर पसरला आहे. मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये केंद्र सरकारच्या साहाय्याने २०२२ साली या विषयाचे राष्ट्रीय केंद्र निघाले. प्रा. विक्रम विशाल यांच्यासारखे भूशास्त्रज्ञ तेथे वायू खडकात कसा साठेल, याचे संशोधन करतात.

परंतु वाट सोपी नाही. आइसलँडच्या रीतीने एक टन वायू पुरण्यास सुमारे २५ टन पाणी लागते. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात गावोगाव टँकर फिरतात! जेथे थर वाकले, चिरले, तेथून वायू निसटणार नाही ना, हेही तपासावे लागेल. शिवाय पुरण्याची सोय झाली म्हणून धूर कमी करण्याची जबाबदारी टळत नाही.

पालकहो, हे प्रश्न आपल्याच भूमीचे आहेत. डॉक्टर, इंजिनियर अवश्य घडवा. पण एखाद्या मुलाने वा मुलीने "मला भूशास्त्र शिकायचे आहे" म्हटले, तर त्यांना अडवू नका. अल-बिरुनीने परक्या मुलखाचे दगड न्याहाळले. आपल्या मुलांनी निदान आपल्या दारचे तरी न्याहाळावेत.