कंसातलं साल

चंदगडच्या पावसाळ्यात शंख नसलेल्या गोगलगाई परसात, भिंतीवर, न्हाणीच्या दगडावर, कुठंही सापडतात. मानसशास्त्राचा प्रबंध लिहिणाऱ्या इथल्या एखाद्याला सांगितलं की, तुझ्या पानापानावर येणारा '(पाटील, 2015)' असा जो कंस आहे, त्याचं मूळ अशाच एका गोगलगाईच्या अंड्यापाशी आहे, तर त्याला ती थट्टा वाटेल. पण कूळ शोधत गेलं की पोचतो तिथंच.

एडवर्ड लॉरेन्स मार्क हे हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ. 1881 मध्ये तिथल्या तुलनात्मक प्राणिशास्त्राच्या संग्रहालयाच्या बुलेटिनात त्यांचा एक लांबलचक लेख छापून आला. 'लायमॅक्स कॅम्पेस्ट्रिस' नावाच्या शंखहीन गोगलगाईचं अंडं पक्व कसं होतं, फळतं कसं आणि मग त्याची विभागणी कशी होत जाते, हा विषय. त्यात हेर्मान फोल या संशोधकाचा हवाला देताना मार्क यांनी नावाला लागून सालाचे आकडे घातले, वर फुली केली आणि खाली तळटीप दिली. नावापुढचे आकडे दोन कामं करतात, असं त्यांनी सांगितलं: लेखाचं पूर्ण नाव शेवटच्या यादीत कुठं आहे ते दाखवतात, आणि तो लेख साधारण केव्हाचा हे वाचकाला जागच्या जागी कळवतात. या पद्धतीला 'हार्वर्ड' का म्हणतात याचा पत्ता पुढं शंभरेक वर्षं बहुतेकांना नव्हता. एली चर्निन यांनी तो माग काढून 1988 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडला.

मला यातलं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. यादी दाखवायला नुसता क्रमांकही चालतो. पण 'फोल (7)' असं वाचताना तो सात म्हणजे कालचा की वीस वर्षांपूर्वीचा, हे कळायला शेवटचं पान उलटावं लागतं. शिवाय क्रमांकाची एक कटकट आहे. छपाईला जाताना मध्येच एक संदर्भ वाढला की पुढचे सगळे आकडे बदलायचे. हातानं लिहिलेल्या, मग टंकलिखित केलेल्या मजकुरात हे काम जीव खाणारं होतं. आडनाव-सालाच्या जोडीला मात्र शेजारी कोण आलं, कोण गेलं याचं काही पडलेलं नसतं.

आपल्याकडे हवाला द्यायची रीत याहून कितीतरी जुनी. पाणिनीनं अष्टाध्यायीत शाकल्य, शाकटायन, गार्ग्य, आपिशलि अशा दहा पूर्वसूरींची नावं घेतली आहेत. भाष्यकार तर पूर्वपक्ष मांडल्याशिवाय स्वतःचं मत सांगतच नाहीत. पण त्या रीतीत 'कोण म्हणाला' याला मान, 'केव्हा म्हणाला' याची चौकशी नाही. मत एकदा योग्य ठरलं की ते कधीचंही असो.

मानसशास्त्राला ही बेफिकिरी परवडणारी नव्हती. प्रयोग पुन्हा करून बघायचा, जुना निष्कर्ष टिकतो का ते तपासायचं, हा त्याचा धंदाच. तरी त्यानं मार्क यांचा कंस लगेच उचलला असं मुळीच नाही. 1928 मध्ये अमेरिकेत मानसशास्त्र आणि मानववंशशास्त्राच्या नियतकालिकांचे संपादक व व्यवस्थापक एकत्र बसले आणि 1929 मध्ये 'सायकॉलॉजिकल बुलेटिन'मध्ये लेखकांसाठी सूचना छापल्या. मॅडिसन बेंटली समितीचे प्रमुख, सदस्यांत मार्गारेट वॉशबर्न. सगळा मजकूर सात पानांचा. आज 'एपीए' (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) म्हणून ज्या नियमावलीच्या नावानं विद्यार्थी डोक्याला हात लावतात, तिचं हे बाळरूप. 1952 मध्ये ती 'पब्लिकेशन मॅन्युअल' म्हणून स्वतंत्र रूपात आली, आणि 2019 च्या सातव्या आवृत्तीपर्यंत चारशेहून अधिक पानांची झाली. सातांची चारशे झाली तेव्हा लेखक शहाणे झाले की संपादक हट्टी, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

कंस कधी शिरला ते जुने अंक चाळले तर दिसतं. जॉर्ज मिलर यांचा स्मृतीच्या मर्यादेवरचा, 'सात' या आकड्यानं गाजलेला लेख 1956 चा. त्यात नावांपुढे क्रमांक आहेत. स्टॅन्ली मिलग्रम यांचा आज्ञापालनावरचा पहिला लेख 1963 चा. त्यात आडनाव आणि साल. दोन्ही एपीएच्याच नियतकालिकांतले. म्हणजे गोगलगाईपासून इथवर यायला मार्क यांच्या कंसाला ऐंशीएक वर्षं लागली.

चंदगडकडून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला प्रबंध पाठवणाऱ्यासमोर आता हा कंस येतो. मराठी प्रबंधांतून वर्षानुवर्षं रुळलेलं 'तत्रैव' एपीएला चालत नाही, तोच संदर्भ पुन्हा आला तरी आडनाव आणि साल पुन्हा द्यावं लागतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपुढचं साम्य चौकशीत येतं, त्यामुळे हवाला देण्याची ही शिस्त शैलीपुरती उरलेली नाही. छापील सवयींचे अवशेषही मध्येच भेटतात. पुस्तकाचं नाव तिरप्या अक्षरात द्यायचं; पूर्वी टंकयंत्रावर त्याखाली रेघ ओढली की खिळे जुळवणारा ते तिरपं करायचा. 2001 च्या पाचव्या आवृत्तीनं रेघ सोडून थेट तिरपी अक्षरं घेतली. देवनागरीत तिरप्या ठशाची परंपराच नाही, तरी आपण संगणकावर अक्षरं वाकवतोच.

खरी अडचण नावांची. आधी आडनाव, मग आद्याक्षरं, हा नियम. तालुक्यातल्या कोवाडचे रणजित देसाई घ्या. त्यांची 'स्वामी' ही 1962 ची कादंबरी ऐतिहासिक व्यक्तिचित्रणावरच्या लेखात आली तर यादीत उरतात 'देसाई, र.' एवढेच. असे देसाई महाराष्ट्रात किती निघतील! मग पाटलांचं काय, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचे आधीचे आणि नंतरचे लेख एकीचेच, हे कंस कसं सांगणार? एकाच आडनावाचे दोन लेखक असले तर आद्याक्षरं कंसातही द्यायची, एवढी सोय नियमावलीत आहे. पण आपल्या गावांत आद्याक्षरंही जुळतात.

सातव्या आवृत्तीनं आणखी एक गोष्ट केली. प्रकाशकाचं गाव यादीतून काढून टाकलं. जगभर पुस्तकं ऑनलाइन मिळत असताना गाव कशाला, हा हिशेब बरोबर आहे. तरी आमच्या तालुक्यापुरतं बोलायचं तर गाव सोपं प्रकरण नाही. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, पण त्यातला चंदगड वगळून कोल्हापुरात आला. त्यामुळे चंदगडच्या सामाजिक पार्श्वभूमीवर लिहिणाऱ्याला जुनी माहिती जेम्स कॅम्पबेल यांच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या 1884 च्या बेळगाव खंडात शोधावी लागते, तर 1960 चं गॅझेटियर कोल्हापूर जिल्ह्याचं. '(कॅम्पबेल, 1884)' दिसलं की जाणत्या वाचकाला कळतं, हा बेळगावचा चंदगड. मार्क यांच्या तळटीपेतल्या दोन कामांत हे तिसरं नव्हतं, पण साल ते करून जातं. शोधनिबंध लिहिणाऱ्यानं पाळायचं एवढंच, की संदर्भसूचीत खंडाचं नाव छापलंय तसंच 'बेळगाव' ठेवायचं. आज चंदगड कोल्हापुरात आहे म्हणून ते सुधारायचं नाही, नाहीतर तो खंड ग्रंथालयात कुणालाच सापडणार नाही.