केळ्यातली लस: ट्रॉम्बेची अर्धी राहिलेली गोष्ट

कर्जतवरून बोलतोय. नगरचं कर्जत, रायगडचं नव्हे. आज गोष्ट केळीची, पण तिच्या बाजारभावाची नाही, लसीची.

कॅन्सरची लस म्हटलं की वाटतं, हे सगळं अजून लांब आहे. पण एक लस कधीच आली आहे. हिपॅटायटिस बी हा काविळीचा विषाणू वर्षानुवर्षं यकृतात राहिला, तर तिथे कॅन्सर होऊ शकतो. तैवानने १९८४ पासून बाळांना याची लस दिली आणि पुढे तिथल्या मुलांमधला यकृताचा कॅन्सर कमी झाला.

ही लस बनते कशी? विषाणूच्या आवरणातल्या प्रथिनाचं जनुक यीस्टमध्ये घालतात आणि यीस्ट ते प्रथिन तयार करतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत कोड तोच, मशीन दुसरं. १९९२ मध्ये अमेरिकेत चार्ल्स आर्न्ट्झन यांच्या गटाने हाच कोड तंबाखूच्या झाडात चालवून दाखवला. मग स्वप्न पडलं: सुई नको, फ्रिज नको, बाळाला केळं भरवा, झाली लस!

आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात टी. आर. गणपती, व्ही. ए. बापट आणि सहकाऱ्यांनी ते जनुक केळीच्या रोपांत घातलं. २००५ मध्ये निष्कर्ष छापून आले. पानांत प्रथिन तयार झालं होतं! पण किती? एका ग्रॅम पानात जास्तीत जास्त ३८ नॅनोग्रॅम. मोठ्या माणसाच्या एका इंजेक्शनला लागतात साधारण २० मायक्रोग्रॅम. हिशोब करा, अर्धा किलोहून जास्त पानं! तोंडावाटे द्यायचं तर त्यातलं बरंचसं पोटातच पचणार.

शिवाय एका झाडात प्रथिन जास्त, दुसऱ्यात कमी. औषधाचा डोस असा अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही. आणि लसीचं केळं साध्या केळ्यांत मिसळलं तर? अमेरिकेत २००२ मध्ये प्रोडिजीन कंपनीच्या औषधी मक्याचे अवशेष सोयाबीनमध्ये सापडले होते. कंपनीला दंड झाला.

इकडे हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्येच यीस्टची देशी, स्वस्त लस बाजारात आणली होती. जनुक केळीत चाललं, पण शर्यत यीस्टने जिंकली.

आता आपला मुद्दा. सरकारी लसीकरणात ही लस देशभर आली २०११ मध्ये. म्हणजे नव्वदीत जन्मलेल्या आपल्यापैकी अनेकांना ती मिळालेलीच नाही. घरात लसीचं जुनं कार्ड शोधा. त्यात नोंद नसेल तर डॉक्टरांना विचारा, रक्त तपासून घ्या. मोठ्यांना साधारण सहा महिन्यांत तीन डोस लागतात. आणि घरात बाळ येणार असेल तर पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत. सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो.

चला, भेटू पुढच्या भागात!