राणी झाशी रेजिमेंट

राणी झाशी रेजिमेंट : आझाद हिंद सेनेतील स्त्रियांची सशस्त्र पलटण (१९४३–४५). स्वतंत्र भारताचे राज्य अस्तित्वात येण्याआधी, परमुलखात ती उभी राहिली. लढ्यात स्त्रिया तेव्हा इतरत्रही होत्या. सातारा जिल्ह्यात प्रतिसरकारच्या भूमिगतांना गावोगावच्या बायका निरोप, भाकरी, प्रसंगी हत्यारेही पोहोचवत होत्या. जीव धोक्यात घालून केलेल्या त्या कामाला हुद्दा मात्र नव्हता. हाताखाली तुकडी, तिला हुकूम देण्याचा अधिकार आणि चुकले तर जाब, हे सारे स्त्रियांना मिळाले ते सिंगापूरच्या छावणीत. म्हणून या पलटणीची गोष्ट तिच्या अधिकाऱ्यांपासून सांगायला हवी.

सुभाषचंद्र बोस जुलै १९४३ मध्ये सिंगापूरला आले आणि आठवडाभरातच जाहीर सभेत त्यांनी स्त्रियांच्या पलटणीची कल्पना मांडली. १२ जुलैला महिलांच्या सभेत सुमारे वीस जणींनी त्यांना मानवंदना दिली. अंगावर साड्या, हातात .३०३ रायफली. तालीम अवघ्या काही दिवसांची. या मानवंदनेमागे मद्रासहून १९४० साली सिंगापूरला आलेल्या डॉक्टर लक्ष्मी स्वामीनाथन (१९१४–२०१२) होत्या. बोस यांनी पलटणीची सूत्रे त्यांच्याकडेच दिली आणि चालता दवाखाना सोडून त्या कॅप्टन लक्ष्मी झाल्या. २१ ऑक्टोबरला स्थापन झालेल्या आझाद हिंदच्या हंगामी सरकारात त्या मंत्रीही होत्या. जपानी अधिकाऱ्यांना बायकांची पलटण हा पोरखेळ वाटे, त्यामुळे त्यांच्याकडून मदत जवळजवळ नव्हतीच. राहण्याच्या जागेची आणि गणवेशांची सोय लावण्यात मूळचे मंगळूरकडचे वकील अत्तावर एल्लप्पा यांचा मोठा वाटा होता. २२ ऑक्टोबरला छावणी सुरू झाली.

मराठी वाचकाला येथे दोन नावे घरची वाटतील. पलटणीला नाव मिळाले ते तांब्यांच्या मनूचे, झाशीच्या लक्ष्मीबाईचे. तिच्यातील शुश्रूषा पथकाला नाव दिले गेले ते अहमदनगरचा किल्ला लढवणाऱ्या चांदबिबीचे. ही नावे मिरवणाऱ्या मुलींपैकी बहुतेक मलायातल्या रबराच्या मळ्यांवरच्या तमिळ मजूर कुटुंबांतल्या होत्या. ज्या देशासाठी त्या भरती झाल्या, तो त्यांच्यातल्या कित्येकींनी पाहिलाही नव्हता.

भरतीच्या अर्जावर वडिलांची किंवा नवऱ्याची सही लागे. साम्राज्याविरुद्ध रायफल उचलायला निघालेल्या मुलीला पहिली लढाई घरच्या ओटीवर जिंकावी लागे. क्वालालंपूरच्या सुखवस्तू घरातली, जेमतेम अठरा वर्षांची जानकी देवर वडिलांची मनधरणी करून सही घेऊन आली.

पहाटे झेंडावंदन, मग कवायत, संचलन, रायफल, संगीन, हातबॉम्ब, लांब पल्ल्याच्या कूच, रात्रीचा पहारा. साडीच्या जागी खाकी विजार आणि टोपी आली. पुष्कळजणींनी केस कापले. आज वाचताना ही बाब किरकोळ वाटते, त्या घरांत ती नव्हती. शिकवणारे आझाद हिंद सेनेतलेच पुरुष. हुकूम हिंदुस्थानीतून, आणि ती भाषा रोमन लिपीत लिहून शिकवली जाई, कारण तमिळ, गुजराती, पंजाबी, बंगाली मुलींना समान लिपी नव्हती. शिक्षण पाहून काहींना सुरुवातीलाच नायक-हवालदाराच्या जागा मिळत. त्यांतून निवडलेल्यांना अधिकाऱ्यांचे वेगळे प्रशिक्षण मिळे आणि पुढे कमिशन. जानकी अशीच वर चढली आणि पुढे ब्रह्मदेशातली तुकडी तिच्या हाताखाली आली. रंगूनची रमा मेहता शिपाई म्हणून दाखल होऊन सेकंड लेफ्टनंट झाली. हीच पुढे मुंबईत पर्यटकांना शहर दाखवणारी रमा खांडवाला.

३० मार्च १९४४ रोजी सिंगापूरला सुमारे पाचशे जणींचे दीक्षान्त संचलन झाले. त्याच सुमारास एक तुकडी ब्रह्मदेशात मेम्योला होती. आझाद हिंद सेना आणि जपानी फौजा यांच्या मोहिमेत इंफाळ पडले की बंगालच्या मैदानात उतरायचे, असा बेत होता. इंफाळ पडले नाही. जखमी, तापाने फणफणलेले, उपाशी सैनिक माघारी येऊ लागले आणि पलटणीतल्या मुलींकडे त्यांच्या शुश्रूषेचे काम आले. मोर्च्यावर लढण्याची संधी त्यांना अखेरपर्यंत मिळाली नाही. त्यावरून पलटण नुसती शोभेची होती असे म्हटले जाते. ते पटत नाही.

कारण खरी कसोटी एप्रिल १९४५ मध्ये लागली. रंगून सोडावे लागले. ब्रह्मदेशातल्या मुलींना घरी पाठवून उरलेल्यांना जानकी थायलंडच्या दिशेने घेऊन निघाली. दिवसा विमानांच्या भीतीने झाडीत दडायचे, रात्री चालायचे. मुली पायी असताना बरोबर असलेल्या बोस यांनी मोटारीत बसायला नकार दिला. बूट काढले तेव्हा बोस यांचे पाय फोडांनी भरले होते. वाटेतल्या हल्ल्यांत स्टेला आणि जोसेफिन या दोघी मारल्या गेल्या. विजयाची आशा संपल्यावर तुकडी न विस्कटता चालवत नेणे, हे अधिकाऱ्याचेच काम.

स्वतंत्र भारताच्या सैन्याने मात्र वैद्यकीय सेवांबाहेर स्त्रियांना कमिशन देण्यास १९९२ मध्ये सुरुवात केली. कायम कमिशनसाठी सर्वोच्च न्यायालयाचा १७ फेब्रुवारी २०२० चा निकाल लागला. मे २०२१ मध्ये बंगळूरच्या लष्करी पोलीस केंद्रातून ८३ महिला शिपायांची पहिली तुकडी बाहेर पडली, आणि मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून पहिल्या सतरा मुली.