ब्युएल : टॉर्कवाल्या गाडीची गोष्ट

आमच्या कोडोलीत टॉर्क समजावून सांगावा लागत नाही. वारणेच्या कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर बघा. वेग नाही, पण कमी आरपीएमलाच सगळा जोर हजर!

हार्लेतल्या एरिक ब्युएल या इंजिनिअरने १९८३ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि हार्लेचं तसलंच जोरकस व्ही-ट्विन चपळ गाडीत बसवलं. २००२ पासूनच्या एक्सबी गाड्या तर अजबच. पेट्रोल चक्क फ्रेममध्ये, ऑइल स्विंगआर्ममध्ये, सायलेन्सर इंजिनाखाली, पुढची ब्रेक डिस्क थेट रिमला! हा विक्षिप्तपणा नव्हे, वजन खाली आणि मध्ये आणायचं गणित होतं.

पण गणित बरोबर असून भागत नाही. कंपनी १९९८ पासून हार्लेच्या ताब्यात होती; मंदीत, ऑक्टोबर २००९ मध्ये, हार्लेने ती बंद करायचं जाहीर केलं. ब्युएलने पुन्हा डाव मांडला. होंडापासून वेगळ्या झालेल्या आपल्या हीरोला तंत्रज्ञान हवंच होतं; २०१३ मध्ये तिने अडीच कोटी डॉलर देऊन ४९.२ टक्के हिस्सा घेतला. एप्रिल २०१५ मध्ये तीही कंपनी बसली.

आणि गंमत बघा, २०२३ पासून हीच हीरो भारतात हार्लेची एक्स४४० बनवते. ब्युएल मात्र दोन्ही घरचा पाहुणा, उपाशीच राहिला.